हदस्सा ऊर्फ एस्तेर

दिवाळीच्या सुमारास दादाला मुलगी झाली आणि आत्या या नात्याने तिचे नाव ठेवण्याचा मान माझ्याकडे आला. गुरुजींनी पत्रिका पाहून कर्क रास आणि ‘ह’ हे अक्षर सांगितले. ‘ह’वरून मुलींची नावे किती थोडी आहेत, हे ज्याने कधी शोधले असेल त्यालाच ठाऊक. हेमा, हर्षदा, हेमांगी येथवर आले की गाडी अडते. बाळ जरा अशक्त म्हणून बारसे पुढे ढकलले गेले आणि मला शोधाशोधीला सवड मिळाली. एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावरून मी मुलामुलींच्या नावांचे एक पुस्तक आणले. त्यात ‘हंसिनी’ आणि ‘हर्षदा’ यांच्या मध्ये एक नाव होते : हदस्सा. समोर तीन शब्द छापले होते. हिब्रू. दुर्मिळ. मेंदी.

आमच्या घरात हे नाव ठेवले जाणार नव्हतेच. आजीला त्याचा उच्चारही जमला नसता. पण ते तीन शब्द मनातून जाईनात. मेंदीला हिब्रूत असे नाव कोणी दिले? आणि इतके गोड नाव दुर्मिळ का राहिले? नाव या विषयावर लिहिताना शेक्सपिअरच्या नायिकेचा तो सुप्रसिद्ध प्रश्न उद्धृत करण्याची आपल्या वार्षिक अंकांत प्रथा आहे. ती मी मोडते. त्या नायिकेचा प्रश्न आडनावाबद्दल होता. पहिले नाव हिरावले गेले असते तर तिने तो इतक्या सहज विचारला असता असे मला वाटत नाही.

आपल्या ग्रंथालयात मराठी ‘पवित्र शास्त्रा’ची एक प्रत आहे. तिच्यावर धूळ होती असे लिहिले तर ग्रंथपाल रागावतील, म्हणून लिहीत नाही. तीत ‘एस्तेर’ नावाचे अवघ्या दहा अध्यायांचे एक छोटेसे पुस्तक सापडले. कथा इराणमधल्या शूशन नगरातली. अहश्वेरोश राजा मेजवानीच्या कैफात वश्ती राणीला दरबारी पाहुण्यांसमोर आपले सौंदर्य दाखवायला बोलावतो. ती यायला नकार देते. राजा तिला पदच्युत करतो आणि नव्या राणीसाठी राज्यभरातून मुली गोळा करण्यात येतात. त्यांत एक पोरकी ज्यू मुलगी असते. चुलतभाऊ मर्दखय याने तिला मुलीसारखे वाढवलेले असते. ती राणी होते, पण आपली जात-कुळी कोणाला सांगू नकोस अशी मर्दखयाची ताकीद असते आणि ती ती पाळते. पुढे हामान नावाचा मंत्री राज्यातल्या सगळ्या ज्यूंच्या कत्तलीचा हुकूम काढवून घेतो. न बोलावता राजासमोर जाणाऱ्याला मरणाची शिक्षा असे. तरीही ही राणी जिवावर उदार होऊन जाते, आपण कोण हे उघड करते आणि आपल्या लोकांना वाचवते. अहश्वेरोश म्हणजे इ.स.पू. ४८६ ते ४६५ या काळात राज्य करणारा झर्कसीज, असे सामान्यतः मानतात. मात्र हेरोडोटस त्याच्या राणीचे नाव अमेस्ट्रिस असे देतो आणि पुष्कळ अभ्यासक हे सारे इतिहासापेक्षा कथाच समजतात. मला त्याची अडचण वाटत नाही. नावांच्या बाबतीत कथा इतिहासाहून कमी खरे बोलत नाही.

तर या राणीचे नाव काय? दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या वचनात मर्दखयाने वाढवलेल्या मुलीचे नाव ‘हदस्सा’ असे येते आणि हीच ती एस्तेर, असे लगोलग सांगितले जाते. मूळ हिब्रूत त्या जागी केवळ ‘ती’ या अर्थाचा इवलासा शब्द आहे. आपण मराठीत तेथे ‘ऊर्फ’ घालतो. त्या शब्दानंतर हदस्सा संपली. संपूर्ण बायबलात हे नाव पुन्हा येत नाही. एस्तेर मात्र त्या दहा अध्यायांत पन्नासाहून अधिक वेळा येते. शेवटी शेवटी ती स्वतःच्या अधिकाराने ज्यूंना पत्र लिहिते. तेथे तिच्या बापाचे नाव आहे, अबीहाईल. तिचे स्वतःचे नाव मात्र दरबारातलेच आहे.

आता त्या मेंदीकडे वळते. हदस्सा हे नाव ‘हदस’ या झाडाच्या नावावरून आले. हे झाड भूमध्य समुद्राच्या आसपास होते. इंग्रजीत त्याला मर्टल म्हणतात. उत्तर हिंदुस्थानात त्याला ‘विलायती मेंदी’ असे नाव पडले आणि त्यातले ‘विलायती’ गळून आमच्या पुस्तककाराच्या हाती नुसती ‘मेंदी’ राहिली असावी. वस्तुतः हातावर काढायची मेंदी वेगळी. तिला हिब्रूत ‘कोफेर’ म्हणतात, आणि बायबलातल्या गीतरत्नात तिचाही उल्लेख आहे. दोन्ही झुडपेच, दोहोंची पाने लहान, पण एवढ्यावरून त्यांना एक ठरवणे म्हणजे तुळस आणि सब्जा एकच म्हणण्यासारखे आहे. हदसाच्या पानाने हात रंगत नाही. ते बारा महिने हिरवे असते, त्याला पांढरे नाजूक फूल येते, आणि पान चुरगळले की सुगंध सुटतो. ज्यूंच्या सुक्कोथ या मांडवांच्या सणात खजुराचा कोंब, महाळुंगाच्या जातीचे फळ आणि वाळुंजाच्या फांद्या यांच्याबरोबर हदसाच्या तीन डहाळ्या हातात धरतात. एकाच पेरातून तीन पाने फुटलेली असावीत, असा नियम आहे. त्या चार वस्तूंचा एक अर्थ जुन्या धर्मपंडितांनी असा लावला आहे की चव म्हणजे विद्या आणि वास म्हणजे सत्कृत्य. हदसाला वास आहे, चव नाही. म्हणजे शास्त्र न शिकलेला पण भले करणारा माणूस. शास्त्र शिकण्याची सोयच ज्यांना नव्हती अशा बायांच्या वाट्याला हे नाव यावे, याचे मला नवल वाटत नाही.

‘हिब्रू’ हा शब्दसुद्धा वाटतो तितका निर्विवाद नाही. बॅबिलोनच्या अक्कादी भाषेत ‘हदश्शतू’ म्हणजे नवरी. हदस्सा हे त्याचेच रूप असावे, असे काही विद्वानांनी सुचवले होते. एस्तेरबद्दल तर आणखी मते आहेत. कोणी म्हणतात ते फारसी ‘तारा’. आपल्या कानांना ही व्युत्पत्ती चटकन पटते, कारण फारसीतला ‘सितारा’ आणि संस्कृतातला ‘तारा’ ही एकाच कुळातली भावंडे. कोणी म्हणतात ती बॅबिलोनची देवी इश्तार, आणि मर्दखय म्हणजे त्यांचा देव मर्दुक. तालमूदकारांना मात्र एस्तेरमध्ये हिब्रूतला ‘लपणे’ हा धातू ऐकू आला.

तालमूदमध्ये या दोन नावांवर चाललेला वाद मी एका इंग्रजी भाषांतरात वाचला आणि आपल्या वर्गातल्या चर्चेची आठवण झाली. रब्बी मेईर म्हणतात, तिचे नाव एस्तेरच. हदस्सा ही पदवी, कारण सज्जनांना हदस म्हणतात. रब्बी यहूदा नेमके उलट म्हणतात : नाव हदस्सा, आपले गुपित लपवले म्हणून एस्तेर. रब्बी नेहेम्या म्हणतात, परक्या लोकांनी आपल्या आकाशातल्या ज्योतीवरून तिला एस्तेर केले. बेन अज़्ज़ाईंना तिची उंची सुचते : ना उंच, ना बुटकी, हदसाच्या झुडपासारखी मध्यम. आणि रब्बी यहोशुआ बेन कोरहा सरळ सांगतात की ती हिरवट, फिकट वर्णाची होती, पण तिच्यावर कृपेचा एक धागा ओढलेला होता. मला हे शेवटचे मत सर्वांत आवडले. जिला राजाने राज्यभरातल्या सुंदरींतून निवडले तिला फिकट, हिरवट म्हणण्याचे धाडस या म्हाताऱ्याने केले. त्या मुलीचे रूप राजवाड्याच्या मापाने मोजायचे त्याने नाकारले, असा मी त्याचा अर्थ घेते. प्राध्यापकांना तो मान्य नसेल तर त्यांनी खुशाल लाल शाईने खूण करावी.

पण माझी खरी तक्रार पुढेच आहे. बायबलात परक्या दरबाराने नाव बदललेली हदस्सा ही काही एकटीच नव्हे. योसेफाला मिसरच्या फारोने ‘साफनाथ-पानेह’ असे भारदस्त नाव दिले. दानीएलाला बॅबिलोनमध्ये ‘बेलटशस्सर’ केले. दोघेही परक्या राजाच्या पदरी मोठ्या हुद्द्यावर चढले. पण कथा त्यांना काय म्हणते? योसेफ योसेफच राहिला आणि दानीएल दानीएलच. राजाने दिलेले नाव अंगरख्यासारखे अधूनमधून अंगावर येते, उतरते, आणि पुस्तकाच्या पाठीवर माहेरचेच नाव असते. पुरुषांना ‘माहेरचे’ म्हणता येत नाही हे मला कळते; आपल्या भाषेत त्यासाठी शब्दच नाही, हे मात्र लक्षात घेण्याजोगे आहे. हदस्सेच्या बाबतीत नेमके उलटे झाले. राजवाड्यातले नाव ग्रंथाला मिळाले आणि घरातले नाव एका वचनात उरले.

यावर आमच्या इतिहासाच्या सरांनी हरकत घेतली, ती प्रामाणिकपणे नोंदवते. सर म्हणाले, “मर्दखय हे नाव तरी कुठे हिब्रू आहे? तो पुरुषच ना? निर्वासित लोक ज्या देशात राहतात तेथली नावे घेतातच. त्यात बाई-पुरुष कशाला आणतेस?” हरकत खरी आहे. तरीही मर्दखयाचे दुसरे नाव असल्याचे कथा सांगत नाही. त्याच्या बाबतीत काही पुसले गेल्याची खूण नाही. हिच्या बाबतीत खूण मुद्दाम ठेवली आहे. लिहिणाऱ्याला ते नाव माहीत होते, त्याने ते एकदा लिहिले, आणि मग त्याने दरबाराचा शिरस्ता पाळला.

आणखी एक गोष्ट. इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून का सुटले, याची काही कारणे ज्यूंच्या जुन्या ग्रंथांत दिली आहेत. त्यांतले एक असे की त्यांनी आपली नावे बदलली नाहीत. रूबेन रूबेन राहिला, शिमोन शिमोन. मोठे अभिमानाने सांगितलेले कारण आहे हे. आणि त्याच परंपरेत पुढे सबंध जमात वाचली ती नाव बदललेल्या मुलीमुळे! नाव टिकवणाऱ्यांचे कौतुक झाले, ते योग्यच. पण जिने सर्वांची नावे टिकावीत म्हणून आपले नाव टाकले तिच्यासाठी असे वाक्य कोणी लिहिल्याचे मला आढळले नाही.

पुरीम या सणाला हे पुस्तक देवळात मोठ्याने वाचतात. हामानाचे नाव आले की पोरेबाळे खुळखुळे फिरवतात, पाय आपटतात, त्या दुष्टाचे नाव कोणाला ऐकूच येऊ नये म्हणून. गंमत अशी की त्यामुळे हामानाचे नाव दरवर्षी प्रत्येक मुलाच्या पक्के ध्यानात राहते. हदस्सा एकदाच येते. तिच्यासाठी कोणी आवाज करत नाही, आणि ऐकणाऱ्याचे क्षणभर दुर्लक्ष झाले तर ती निघूनही जाते.

दुर्मिळपणाचे मूळ हे असे आहे. हिब्रूवरून प्राचीन काळी जे ग्रीक भाषांतर झाले त्यात तर हदस्सा गळालीच. तेथे मुलीचे नाव एस्तेर एवढेच आहे. लॅटिनमध्ये ‘एडिस्सा’ असे रूप आले, पण ते कोणी मुलींना ठेवल्याचे दिसत नाही. एस्तेर मात्र ख्रिस्ती युरोपभर फिरली. फ्रेंच नाटककार रासीन याने १६८९ मध्ये तिच्यावर नाटक लिहिले, हॅन्डेलने तिच्यावर संगीतिका रचली, प्रॉटेस्टंट घरांतून ते नाव सर्रास ठेवले जाऊ लागले. हदस्सा त्या वेळी कोठे होती? ती पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या स्वयंपाकघरांत होती. यिद्दिश बोलणाऱ्या बायांनी तिचे ‘होदेस’ केले, लाडाने ‘होदल’ केले. शोलेम अलेखेमच्या तेव्ये गवळ्याची दुसरी मुलगी, जी क्रांतिकारकाच्या मागे सैबेरियात जाते, ती होदल. १९७१ साली निघालेल्या ‘फिडलर ऑन द रूफ’ या चित्रपटामुळे जगभरच्या प्रेक्षकांनी ते नाव ऐकले. ते हदस्सेचेच लाडाचे रूप, हे त्यांतल्या कितींना कळले असेल? पूर्व युरोपातले ज्यू दिवंगत आजी-आजोबांचे नाव नातवंडाला ठेवतात. म्हणून एखाद्या घराण्यात हदस्सा असली तर ती पिढी सोडून पिढी उगवत राहते, बाहेर मात्र पसरत नाही. ज्याला पुस्तककार ‘दुर्मिळ’ म्हणतो त्याला मी ‘घरातले’ म्हणेन.

हे नाव घराबाहेर पडले ते १९१२ साली. हेन्रिएटा झोल्ड (१८६०–१९४५) ही अमेरिकन ज्यू विदुषी पॅलेस्टाइनला जाऊन आली होती. तेथले रोगराईचे हाल तिने पाहिले होते. २४ फेब्रुवारी १९१२ रोजी न्यूयॉर्कमध्ये तिने काही स्त्रियांना जमवून एक मंडळ काढले. पुरीम तोंडावर आला होता. शाखेला नाव दिले ‘हदस्सा’. पुढे सबंध संस्थेचे तेच नाव झाले. एस्तेर म्हटले असते तरी चालले असते, सर्वांना कळलेही असते. या बायांनी मुकुटाचे नाव सोडून घरचे नाव उचलले, हे मला फार सूचक वाटते. १९१३ मध्ये त्यांनी जेरुसलेमला दोन परिचारिका पाठवल्या. दोन! तेवढ्यावरून रुग्णालये, परिचारिकांची शाळा, वैद्यकीय महाविद्यालय असा पसारा वाढला. १९३९ मध्ये स्कोपस टेकडीवर मोठे रुग्णालय उभे राहिले. १३ एप्रिल १९४८ रोजी तिकडे निघालेल्या डॉक्टर-परिचारिकांच्या ताफ्यावर हल्ला होऊन ७८ माणसे मारली गेली, आणि नंतर ती टेकडी कित्येक वर्षे तुटूनच राहिली. एन केरेमचे नवे रुग्णालय १९६१ मध्ये सुरू झाले. त्याच्या प्रार्थनागृहात मार्क शागालने रंगवलेल्या बारा काचेच्या खिडक्या आहेत. अशा रीतीने एका मुलीचे नाव दवाखान्याची पाटी बनले. आज इस्राएलमध्ये ‘हदस्सा’ म्हटले की लोकांना आधी रुग्णालयच आठवत असेल. मुलींना तेथे शेवटचा ‘सा’ काढून ‘हदस’ हे सुटसुटीत नाव ठेवतात. झाडाफुलांची नावे ठेवायची तिकडे मोठी आवड, त्यात ते चपखल बसते.

अमेरिकेत काही निराळेच घडले. तेथले सरकार दरवर्षी नवजात मुलांच्या नावांची क्रमवारी प्रसिद्ध करते. विसाव्या शतकभर पहिल्या हजारांत न दिसलेली हदस्सा या शतकाच्या पहिल्या दशकात त्या यादीत चढली. आणि चढवली ती एकट्या ज्यूंनी नव्हे. फ्रान्सिन रिव्हर्स या लेखिकेच्या १९९३ सालच्या ख्रिस्ती कादंबरीत रोममधल्या गुलाम नायिकेचे नाव हदस्सा आहे. २००४ मध्ये एस्तेरच्या कथेवर हदस्सा याच नावाची एक कादंबरी निघाली आणि २००६ मध्ये तिच्यावर चित्रपट झाला. श्रद्धाळू ख्रिस्ती आईबापांना बायबलातले, पण शेजारच्या घरात नसलेले नाव हवे होते; ते त्यांना सापडले. यात वाईट काय, असे कोणी विचारील. काहीच नाही. पण एक खंत वाटते. जे नाव दोन हजार वर्षे फक्त नात्याने पुढे गेले, ते आता ‘वेगळे’ म्हणून निवडले जाते आहे. वेगळेपणासाठी निवडलेल्या नावाचा हजारांच्या यादीत शिरल्याबरोबर अर्धा प्राण जातो, आणि मग लोक दुसरे शोधू लागतात. आपल्याकडे एकेका वर्षी सगळ्या वर्गात एकाच नावाच्या पाच मुली का असतात, याचे उत्तरही यातच असावे.

आता कोणी म्हणेल, हे सगळे परदेशचे झाले. पण नाही. या पुस्तकाचे श्रोते आपल्या कोकणात शतकानुशतके होते. अलिबाग-पेण भागातले बेने इस्राएल, ज्यांना गावकरी शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणत, ते पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत. दोन्ही एकाच सुमारास येतात. नावांच्या बाबतीत त्यांनी जी तडजोड केली ती मला अतिशय मराठी वाटते. शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी, इसहाकचा इसाजी. पुढे गावावरून दिवेकर, पेणकर, नवगावकर. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणजे आपले सामाजी हसाजी. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, बायबलाची मराठी भाषांतरे झाली, आणि या लोकांना आपले जुने ग्रंथ मायबोलीत वाचायला मिळाले. मिशनऱ्यांचा हेतू वेगळा होता, परिणाम मात्र असा झाला की सामाजीची नातवंडे पुन्हा सॅम्युएल झाली. राजवाड्यातून हदस्सा घरी परत यावी तसे. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली; महाराष्ट्रात आता काही हजार माणसे उरली आहेत.

आणि उलट दिशेचेही एक उदाहरण आहे. आपल्या चित्रपटांच्या पहिल्या काळात भल्या घरच्या बाया पडद्यावर येत नसत. ज्यू मुली आल्या. पुण्यात १९०७ साली जन्मलेल्या रूबी मायर्स ‘सुलोचना’ झाल्या. कलकत्त्याच्या बगदादी ज्यू घराण्यातल्या एस्तेर व्हिक्टोरिया अब्राहम ‘प्रमिला’ झाल्या, आणि १९४७ मध्ये पहिल्या ‘मिस इंडिया’ ठरल्या. प्रमिला ही आपल्या पुराणकथेतली स्त्रीराज्याची राणी. म्हणजे राणीचे नाव देऊन राणीचेच नाव घेतले! हदस्सेची एस्तेर होते, एस्तेरची प्रमिला होते. सिंहासन बदलते, शिरस्ता तोच.

हा शिरस्ता काही ज्यूंची मिरासदारी नाही, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नसावी. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. सेवासदनाच्या रमाबाई रानडे माहेरच्या यमुनाच. दोन यमुना गुप्त झाल्या. झाशीच्या राणीला आपण अजून लाडाने मनू म्हणतो, पण गादीवर लक्ष्मीबाईच. या थोर स्त्रियांची माहेरची नावे चरित्राच्या पहिल्या पानावर एकदा येतात. हदस्साही एकदाच आली होती.

येथवर सगळे पुस्तकातले लिहिले. आता घरातले लिहिते, कारण त्यावाचून हा लेख अर्धवट ठरेल. सहा वर्षांपूर्वी दादाचे लग्न झाले तेव्हा मी शाळेत होते. वहिनीचे नाव जुन्या वळणाचे होते, तिच्या आजीचे. घरात चर्चा झाली आणि दादाच्या नावाला शोभेल असे नाव मी सुचवले. एका मालिकेतल्या नायिकेचे होते. सर्वांना आवडले. ताम्हणातल्या तांदळात दादाने अंगठीने ते लिहिले तेव्हा ताम्हण धरायला मीच बसले होते, आणि वहिनीने वाकून ते वाचले तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. तिला आवडले का, हे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मीही विचारले नाही.

तिचे जुने नाव मी येथे छापत नाही, तिची परवानगी घेतलेली नाही. तिची आई फोन करते तेव्हा पलीकडून ते ऐकू येते आणि वहिनीचा आवाज बदलतो. ती जरा मोठ्याने, जरा भराभर बोलते. एरवी सहा वर्षांत आमच्या घरात ते नाव कोणी उच्चारलेले नाही. मध्यंतरी बँकेत खाते उघडायचे होते तेव्हा कागदावरचे नाव आणि आमच्याकडचे नाव जुळेना. दादा वैतागला. वहिनी शांतपणे म्हणाली, “दोन्ही मीच आहे, लिहा ना दोन्ही.” मी स्वयंपाकघरात होते. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटले नव्हते.

बारसे पुढच्या रविवारी आहे. बाळाचे नाव ठरले आहे, ‘ह’वरून नाही, गुरुजींनी जन्मनाव वेगळे आणि व्यवहारातले वेगळे चालते असे सांगितल्यामुळे तो प्रश्न मिटला. म्हणजे तिलाही दोन नावे आलीच, पण त्यांतले कोणतेही कोणी काढून घेतलेले नाही. निमंत्रणपत्रिकेचा मजकूर छापखान्यात द्यायचा माझ्याकडे आहे. त्यात ‘आई’पुढे मी पेन्सिलने वहिनीची दोन्ही नावे लिहिली आहेत आणि मध्ये ‘ऊर्फ’ घातले आहे. कोणते आधी यावे, की यावेच की नाही, हे तिला विचारायचे राहिले आहे. आज संध्याकाळी बाळ झोपले की विचारीन.